भगवंतनानांच्या दोन पेट्या

भगवंतनानांचं एक होतं, रागावले की आधी बोलायचे आणि मग ऐकायचे. माणूस सोन्यासारखा, पण जीभ तिखट. जावळीच्या खोऱ्यातून विशीत बोईसरला आले, कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि उभी हयात यंत्रं खोलण्यात आणि जोडण्यात गेली. रिटायर झाल्यावर घरात येरझारा घालायचे, नानीच्या स्वयंपाकात खोट काढायचे. भाजीत मीठ कमी, दार करकरतंय, पंखा का लावलाय. नानी अगदी मेटाकुटीला आली होती.

गेल्या दिवाळीनंतर नाना गावी गेले आणि परतले ते टेम्पोतून, दोन मधपेट्या घेऊन. वडील मधपाळ होते त्यांचे, सातेरी माशा पाळायचे. नानीने कपाळावर हात मारला. "लोकं नातवंडं खेळवतात, ह्यांनी माशा आणल्या!"

पण खरं सांगायचं तर त्या पेट्यांनीच नानांना पुन्हा माणसात आणलं. सकाळी चहाचा कप घेऊन परसात बसायचे ते ऊन डोक्यावर येईपर्यंत. घरात शांतता आली. शेजारच्या हेतलच्या शेवग्याला त्या साली इतक्या शेंगा लागल्या की तिने अख्ख्या गल्लीत वाटल्या, आणि नानांनी पहिल्या मधाची पहिली बाटली तिलाच दिली. बापाचा हात पाठीवर असल्यासारखं वाटतं गं, असं नाना एकदा नानीला म्हणाले. त्या दिवसापासून नानीने माशांची तक्रार बंद केली.

आणि मार्चमध्ये माशी शिंकली. गावाच्या पाण्याच्या टाकीला आग्या मोहोळ लटकलं होतं, त्याला कुणा शहाण्याने दगड मारला. पाचसात जणांना माशा डसल्या, हेतलच्या सासऱ्यांना तर दवाखान्यात न्यावं लागलं. झालं, बोट वळलं नानांच्या पेट्यांकडे. नाना भर चौकात ओरडले, "अरे आग्या वेगळी, सातेरी वेगळी! वाघ आन् मांजर एकच का रे?" बरोबर होतं त्यांचं. पण सुजलेल्या माणसाला माशीची जात सांगायची नसते, एवढं साधं त्यांना कोण सांगणार?

सरपंच प्रियदर्शिनीताई समजूतदार बाई. त्या म्हणाल्या, "घरात मधमाशा पाळण्याचा आपल्या पंचायतीत नियमच नाही, तर भांडता कशावरून? आधी नियम करू." आणि केला की खरंच. घरामागे दोनच पेट्या. पेटीचं तोंड रस्त्याकडे करायचं नाही. परसात माशांसाठी पाण्याचं भांडं भरलेलं हवं, म्हणजे त्या दुसऱ्याच्या नळावर जाणार नाहीत. इथवर नानांनी मान डोलावली. शेवटचं मात्र अवघड होतं. चारी बाजूंच्या शेजाऱ्यांनी एक मेच्या ग्रामसभेत उभं राहून हो म्हणायचं. एकाने जरी नाही म्हटलं, तर पेट्या उचलायच्या.

समोरच्यांनी हो म्हटलं, डावीकडच्यांनी म्हटलं. हेतलने सासऱ्यांची सूज उतरेपर्यंत तोंड फिरवलं होतं, पण शेवटी शेवग्याला स्मरून तीही तयार झाली. राहिली मागची बाजू. तिथे मेंदीच्या कुंपणापलीकडे तीन ताड होते आणि झावळ्यांची एक खोप. जिवल्या ताडावर चढून मडकी उतरवायचा, त्याची बायको ठकी खोपीत बसून ताडी विकायची. हे घर घेतल्यापासूनच्या नऊ वर्षांत नानांनी तिच्याशी चकार शब्द काढला नव्हता. पाहुणा आला की मागे बोट दाखवून म्हणायचे, "हितं सगळं चांगलं हाय, फकस्त मागं तो अड्डा."

आता त्याच अड्ड्यावर जाऊन हात जोडायचे? नाना टाळत राहिले. त्यात भलतंच निघालं. माशा आजारी पडल्या! सकाळी उडालेल्या माशा दुपारी लडखडत परत यायच्या, पेटीच्या दारात आपटायच्या, उताण्या पडून पाय झाडायच्या. दारातल्या राखणीच्या माशा त्यांना आत घेईनात, ढकलून बाहेर काढायच्या. नानांनी साखरपाण्यात हळद घालून पाजली, पेट्यांना कडुनिंबाची धुरी दिली. गावाकडच्या भावाला फोन केला, तर तो म्हणाला, असला रोग आपल्या खोऱ्यात कुणी बघितला न्हाय. मग नानांनी कारखान्यांच्या धुराला शिव्या घातल्या, गल्लीतल्या एका नव्या घराच्या रंगाला घातल्या, शेवटी स्वतःच्या नशिबाला घातल्या.

"मरायला टेकल्यात त्या. परवानगी घेऊन करू काय?" असं म्हणून ते खाटेवर आडवे झाले.

"मेल्या तर मेल्या," नानी म्हणाली, "पण तुम्ही न विचारता घालवल्या असं नको. उठा!"

नाना उठले. कुंपणाला वळसा घालून खोपीपाशी गेले आणि दारातच थबकले. उन्हात एक सूप ठेवलेलं, आणि सुपात माशा. त्यांच्याच. ओल्या, पंख चिकटलेल्या, हळूहळू पाय हलवणाऱ्या.

"या नाना," ठकी म्हणाली. "आज कसा रस्ता चुकलाव?"

"ह्या... ह्यांना काय झालंय?"

"काय व्हायचा? प्यायल्यात. मडका उतरवला का वर तरंगत्यात. जिवल्या म्हनतं फेकून दे. मी म्हनते, जीव हाय. सुकल्या, नशा उतरली का जातील घरी."

"नशा?"

"मंग ताप म्हनू का? सकालची ताडी गोड असते, दुपारची चढते. मानसाला कलत नाय, माशीला काय कलंल?"

नाना आधी बघतच राहिले आणि मग असे हसले, असे हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. घाटावरचा माणूस! ताडी माशांना चढते हे त्याच्या सात पिढ्यांत कुणाला ठाऊक असणार? म्हणजे बेवड्यांना हळद पाजत होतो मी! हसू ओसरलं तेव्हा सुपाकडे लक्ष गेलं. एकेक माशी पानाने उचलून ठेवलेली, अंतरा-अंतरावर. गिऱ्हाईक ताटकळत असताना, रोज, हंगामभर ही बाई हे करत होती. नानांनी सूप आणखी थोडं उन्हात सरकवलं. जे विचारायला आले होते ते तोंडातून फुटेना. तसेच घरी आले.

"विचारलंत?" नानीने विचारलं.

"न्हाय."

"मग इतका वेळ काय केलंत?"

"हसलो," नाना म्हणाले आणि खाटेवर बसले.

एक मेला शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. तीन शेजारी उठले, हो म्हणून बसले. प्रियदर्शिनीताईंनी विचारलं, "मागचे कोण आहेत?" ठकी पदर सावरत उठली.

"माजा नाय म्हनना हाय," ती म्हणाली.

नानीने नानांचा हात घट्ट धरला.

"पेट्या उचलायच्या ह्याला माजा नाय म्हनना हाय. नानांच्या एकट्याच्या माशा हायत का त्या? माजी ताडी पिऊन जगल्यात, अर्ध्या माज्या हायत. उचलायच्या तर आदी मला विचारा."

पटांगण खदखदून हसलं. सरपंचबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या आणि म्हणाल्या, "मग राहू द्या पेट्या." नाना मात्र हसले नाहीत. ते उठून उभे राहिले.

"ठकीबाई, मला बोलू द्या. नऊ वर्सं मी तुमच्या खोपीला..."

"अड्डा म्हनता. ठावं हाय मला," ठकी म्हणाली. "मेंदीचा कुपान हाय आपल्यात, भिंत नाय."

नानांची मान खाली गेली. "मग हो का म्हणालात?"

"अवं, तुमी म्हनलाव," ती म्हणाली. "माशांनी कुटं काय म्हनलंय मला?"

नानांनी हात जोडले. "लई उपकार झाले, बाई," एवढंच कसंबसं म्हणाले, आणि जोडलेले हात त्यांना बराच वेळ खाली घेता आले नाहीत.