पटक्याखालचा हेडफोन

परवा बारामतीत नवा वायरलेस हेडफोन आणला. डेस्कटॉपला जोडायला मिनिटभरसुद्धा लागलं नाही... आणि तो हातात घेऊन मी तसाच बसून राहिलो. आबा आठवले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मेहुण्यांनी दुबईहून असाच बिनवायरचा हेडफोन आणला होता. त्याची एक डबी कॉम्प्युटरला मागून जोडायची, डबीतून न दिसणारा प्रकाश निघायचा आणि कानावरच्या यंत्रात त्याचा आवाज व्हायचा. मी आधी पिन माइकच्या भोकात खुपसून बसलो होतो... त्यात अख्खा रविवार गेला.

हा खटाटोप आबांसाठी, माझ्या वडिलांसाठी. ते निमगाव केतकीला असायचे, उमेदीत मेंढरं राखलेली. अक्षरओळख नाही, पण चौथीच्या पुस्तकातली रानाची कविता मी मेंढरांमागे मोठ्यानं म्हणायचो, ती त्यांना माझ्याआधी पाठ झाली.

पुढे मी मराठीचा मास्तर झालो आणि आबांचे कान मंदावत गेले. ते पुरते जायच्या आत ती कविता त्यांना एकदा ऐकवायची, एवढंच मनात होतं. म्हणून माझ्याच आवाजात कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केली.

दिवाळीला आबा आले. हेडफोन चढवायचा तर पटका उतरवायला हवा. "सुनंपुढं बोडकं बसू व्हय रं?" आबा माझ्यावरच उखडले.

"मी चालले करंज्या तळायला, तुमचं चालू द्या," म्हणत बायको हसत आत गेली. आबांनी भराभर पटका सोडला, हेडफोन घातला आणि त्याच्यावरून पुन्हा पटका बांधला. यंत्र घसरू नये म्हणून दोन वेढे पार कानांवरून घेतले.

"येतंय का ऐकू?" मी खुणेनं विचारलं.

"येतंय की! झ्याक हाय, मास्तर." मला मास्तर म्हणणं ही त्यांची लाडाची थट्टा.

मी समोर बसून ओठातल्या ओठात कविता म्हणत होतो, आबा मान डोलावत होते. त्यांचे डोळे भरून आल्यासारखे वाटले. पुढचा आठवडाभर मी शाळेत तरंगतच होतो...

मग थंडी पडली. एका सकाळी तोच हेडफोन लावून ती कविता ऐकत बसलो होतो, गार वाटलं म्हणून वरून मफलर गुंडाळला. आवाज बंद! नुसतं सूं सूं. मफलर काढला, कविता पुन्हा सुरू... प्रकाश कापडातून जातच नव्हता.

म्हणजे त्या दिवशी आबांच्या कानात माझा एक शब्दही पोचला नव्हता.

पुढच्याच बाजाराच्या दिवशी निमगावला गेलो. दिवसभर विचारायचा धीर झाला नाही. संध्याकाळी आबा मला एसटीपर्यंत सोडायला आले, तेव्हा विचारलं. मोठ्यानं विचारावं लागलं, थांब्यावरची माणसं वळून बघायला लागली.

"न्हाय रं. नुसतं वारं वाजल्यागत व्हत हुतं."

"मग बोलला का नाही?"

"तू लई हौसेनं मांडलं हुतंस. आन् त्वांड हलत हुतं की तुझं... त्येच बघत बसलो."

आबांनी पटक्याचा वेढा जरा वर सरकवला आणि कान माझ्यापुढे केला. "आता हितंच म्हण की. कानापाशी."

थांब्यावर बाजारकरी होते, माझ्या दोन विद्यार्थ्यांचे बाप होते. एवढा मोठा मास्तर म्हाताऱ्याच्या कानात चौथीची कविता ओरडतोय, हे मलाच कसंतरी वाटलं. "पुढच्या खेपेला आबा, घरी या. यंत्रावर नीट ऐकवतो," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली, पटका सारखा केला.

उन्हाळ्यात गेलो तेव्हा त्यांना माझी हाकसुद्धा ऐकू येत नव्हती. नंतर पुष्कळ वर्षं ते होते, पण वाचून दाखवायची, म्हणून दाखवायची सवय असलेल्या मला त्यांच्याशी फक्त खुणांनी बोलावं लागलं.

आज शाळेतल्या सगळ्या कविता मला अजून पाठ आहेत, याचा लोकांना मोठा अचंबा वाटतो. मला मात्र तो थांबाच आठवत राहतो. बस यायला अजून दहा मिनिटं होती... कविता पाच कडव्यांची होती.