चीक

शेवटच्या भेटीत शकूने, माझ्या बायकोने, मला एक काम सांगितलं आणि मी ते केलं नाही. दवाखान्यातला बायकांचा वॉर्ड, सकाळची भेटायची वेळ. समोरच्या खाटेवरच्या म्हातारीची सून बाकावर वाकून आपल्या तान्ह्याला पाजत होती. शकूच्या नाकात नळी, बोलायला दम नाही, पण नजर तिथेच. म्हणाली, "अहो, तिला सांगा, पाठ टेकव. बाळाला छातीकडे आण, छाती बाळाकडे नेऊ नको." मी म्हटलं, मी काहून सांगू, पुरुष माणूस, चपला खाईन. ती हसल्यासारखी झाली. "मग मी गेल्यावर कोण सांगणार?" त्याच दुपारी ती गेली...

पेपरच्या पुरवणीवाले म्हणाले, तिच्याबद्दल गोड आठवणी लिहा. मी आठवी नापास, इकडे हिंदी मुलखात रांझीच्या फॅक्टरीत सुतार होतो. गोड माझ्याजवळ कमीच आहे. जे आहे ते लिहितो.

लग्नानंतर दीड वर्षाने आम्हाला मुलगी झाली, फॅक्टरीच्या क्वार्टरमध्येच. माझी आई नव्हती, म्हणून मोठी बहीण अक्का पाटनहून बाळंतपण करायला आली. शकूला पहिलं दूध आलं, पिवळं, घट्ट. अक्का म्हणाली, हा चीक आहे, विटलेला असतो, तीन दिवस पिळून टाकायचा, तोवर पोरीला मध-पाणी चाटवायचं. शकू म्हणत होती, तिला भूक लागली आहे, मला पाजू द्या. मधे पडदा होता. पडद्याआडून अक्काच्या हातातली वाटी बाहेर यायची आणि मी ती मोरीत ओतायचो. तीन दिवस. त्याच आठवड्यात दूधवाल्याची म्हैस व्याली. त्याने चीक आणून दिला, अक्काने गूळ-वेलची घालून खरवस केला, मी दोनदा मागून खाल्ला. म्हशीचा चीक ताटात, बाईचा मोरीत, आणि घरात कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. शकूला दिसलं. तिने माझ्या ताटाकडे पाहिलं. पोरीला चौथ्या दिवशी जुलाब लागले. नवव्या दिवशी ती गेली. अक्का म्हणाली, आईचं दूधच नासकं होतं. हेच ती पुढे प्रत्येक लग्नात, प्रत्येक हळदीकुंकवात सांगत फिरली. मी ऐकत राहिलो.

पुढच्या वेळी मुलगा झाला तेव्हा शकूने आतून कडी लावली. अक्का दार बडवत होती, आणि शकू आत पोराला चीक पाजत होती, शेवटच्या थेंबापर्यंत. त्या दिवसापासून आमच्या लाइनीत कोणाकडे बाळंतपण असलं की तिथली आत्या-मावशी पोचायच्या आधी शकू पोचायची. कसं बसायचं ते सांगायची, बाळाचं पोट आईच्या पोटाला लागू दे म्हणायची, तोंड मोठं उघडेपर्यंत थांब, नुसतं टोक देऊ नको, काळा भाग आत जाऊ दे, मग दुखत नाही. दुखलं तर सोडव आणि पुन्हा लाव, सहन करू नको. खाटा उंच, पोरींचे पाय लोंबकळत, पाठी मोडत. म्हणून तिने माझ्याकडून एक पाट करून घेतला, पॅकिंगच्या पेटीच्या लाकडाचा, वीतभर उंच, पायाला जरा उतार. तो पाट सायकलच्या कॅरिअरवर बसून सगळी कॉलनी फिरला. टाचांनी त्यात दोन खळगे पडले आहेत. अक्का तिला दूधवाली म्हणून हिणवायची. शकू म्हणायची, "हो, दूधवाली. पाणीवाली तर नाही ना मी." खरवस मात्र आमच्या घरात पुन्हा कधी झाला नाही. मी मागितलाही नाही.

तेराव्याला अक्का आली. ब्याऐंशीची आहे, आवाज अजून ठणठणीत. चारचौघींत रडून म्हणाली, सगळं माझ्या हाताखाली शिकली बिचारी. मी उठून बाहेर गेलो, कारण घरात पाहुणे जेवत होते.

आठच दिवसांनी माझी नात पल्लवी बाळंत झाली. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यातून घरी आणलं. अक्का येणार कळल्यावर मी दूधवाल्या भैयाला सांगून चीक मागवला आणि स्वतः खरवस केला. थोडा लागला खाली, चालतं. अक्का पिशवीत मधाची बाटली घेऊनच आली. शेजारच्या चार बायका बसलेल्या. बसल्या बसल्या म्हणाली, "दत्तू, पोरीला सांग, पहिलं दूध टाकायचं असतं."

मी तिच्या हातात वाटी दिली. तिने एक चमचा खाल्ला, छान झाला म्हणाली.

"चीक आहे, अक्का. म्हशीचा. हा तू कधी फेकला नाहीस."

तिने चमचा वाटीत ठेवला. "इतक्या वर्षांनी काढून राहिलास का हे?"

"काढून नाही राहिलो. गेलंच नव्हतं. शकूचं दूध नासकं होतं हे तू गावभर सांगितलंस. आता या चौघींसमोर सांग, खोटं होतं."

ती म्हणाली, तेव्हा सगळेच तसं करत. हे खरं आहे. मला ठाऊक आहे. पण म्हणून मी माफ करावं असं कुठे आहे? मी मलाही केलेलं नाही. मी मधाची बाटली घेतली आणि मोरीत उपडी केली. त्या हाताला मोरीची सवय होतीच. अक्का गेली ती पुन्हा आली नाही. मुलगा म्हणतो, बाबा, ती म्हातारी आहे. मीही म्हातारा आहे.

बायका पांगल्या. आतून पल्लवी रडत म्हणाली, "आजोबा, हा पीतच नाही आहे, बहुत दुख रहा है। आजी असती तर..." तिची आई औषध आणायला गेलेली. मी पडद्याजवळ गेलो, पाठ वळवली आणि पाट पायाने आत सरकवला. म्हटलं, "पाय त्याच्यावर ठेव. पाठ टेकव. त्याला सोडव आधी. आता तोंड मोठं उघडू दे... अजून. बाळाला छातीकडे आण, छाती बाळाकडे नेऊ नको."

बराच वेळ काही नाही. मग आतून गुटुक आवाज आला. थोडं थांबून पुन्हा गुटुक.

अशाच पडद्याच्या याच बाजूला मी वाटी धरून उभा होतो. या वेळी हात रिकामे होते.