लायनरमधले ओरखडे

अंधेरीच्या एका गाळ्यात मी इंजिनांचे लायनर घासायचं काम करतो. लायनर म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ते नळकांडं. मापाला मी कडक आहे. मिलीमीटरचा शंभरावा भाग चुकला तरी माल गाळ्याबाहेर जात नाही.

माप झालं की दगडाने आतून बारीक तिरक्या रेघा पाडायच्या, एकमेकींना छेदणाऱ्या. त्यांत तेल धरून राहतं आणि पिस्टन त्या तेलावर सरकतो.

दोन वर्षांपूर्वी, नारळी पौर्णिमेच्या आधी, वेसाव्याचा एक नाखवा धाकट्या भावाला घेऊन बोटीचा लायनर न्यायला आला. आत बघून थबकला.

"दादा, नव्याकोऱ्या लायनरला ओरखडे काढलेस?"

"ते पाहिजेतच, नाखवा. तेल धरतात."

"अरे, पूजेला देवीपुढे ठेवायचाय. असा खरवडलेला ठेवू?"

भाऊ हसला. "आरशासारखा कर ना, दादा. हा त्यात बघून दाढी करेल."

मीही हसलो. समजावत बसायचा कंटाळा केला. बारीक पॉलिश पेपरने तासभर घासलं, रेघा गेल्या. व्यास पुन्हा मोजला. मर्यादेत होता. चिठ्ठीवर आकडा लिहून सही केली.

तिसऱ्याच फेरीला खोल समुद्रात पिस्टन लायनरला चिकटला. इंजिन बंद. बोट लाटेला आडवी झाली आणि भाऊ पाण्यात फेकला गेला. बोट वळवायला इंजिनच नव्हतं. बराच वेळ त्याच्या हाका येत होत्या, मग थांबल्या. हे मला नाखवानेच सांगितलं, लायनर माझ्या टेबलावर ठेवून. आत उभे काळे चरे पडले होते.

"दादा, खरं सांग. माप चुकलं होतं काय?"

"माप बरोबर होतं," मी म्हणालो. ते खरंच बरोबर होतं.

त्याने मान हलवली. "मग मीच तेल कमी घातलं असणार. आईला तसं सांगतो."

मी त्याला थांबवलं नाही.

गाळ्यातलं मशीन बंद केलं की मला त्या हाका ऐकू येतात. मी बोटीवर नव्हतो, तरी येतात.

गेल्या महिन्यात सगळं सांगायचं ठरवून वेसाव्याला गेलो. नाखवा अंगणात जाळं शिवत होता. त्याची आई त्याच्याकडे पाठ करून बसली होती.

"तेव्हापासून बोलत नाय माझ्याशी," तो हळूच म्हणाला. "चहा घेशील ना, दादा?"

मी हो म्हणालो. चहा प्यायलो आणि निघालो.