अक्कांचा अर्धा वाटा

शुगर उतरावी म्हणून मी आठवड्याला तीन उपवास धरले आणि तिन्ही उपवासांना केळीचे वेफर्स खाल्ले. पन्नाशीतल्या माझ्यासारख्या गलेलठ्ठ शहाणीला हे केवढं मोठं व्रत वाटायचं! केळी घरच्या मळ्यातली, मीठ सैंधव. म्हणजे फळच की ते! असोद्याच्या आमच्या घरी कच्ची केळी किसणीवरून थेट उकळत्या तेलात पडायची आणि मी कढईपुढे बसून, देवाचं नाव घेत, चार घाणे नुसते ‘चाखून’ संपवायचे. महिन्याने जळगावच्या डॉक्टरांनी डोळे तपासले. म्हणाले, "पडद्यावर सूज आहे. साखर अशीच राहिली तर नजर जाईल."

मी रिक्षात रडले. घरी आले आणि मन हलकं व्हावं म्हणून वाटीभर शेव खाल्ली.

असल्या बाईच्या नशिबी अक्का होत्या. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. तुरीच्या काडीसारख्या काटक. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, ठेचा आणि फोडलेला कांदा, एवढ्यावर त्यांचा दिवस निघे. तळणाकडे ढुंकून बघत नसत. "तेल दिव्याले ठीक, पोटाले कशाले?" असं म्हणायच्या. मला मात्र त्यांनी कधी उपदेश केला नाही. केला असता तर भांडून मोकळी तरी झाले असते!

मी खायला बसले की त्या शेजारी येऊन टेकत, माझ्या वाटीतलं बरोबर अर्धं आपल्या तळहातावर ओतून घेत आणि काढा प्यायल्यासारखं तोंड करून खात.

"अक्का, तुम्हाला आवडत नाही ना हे?"

"नाही आवडत."

"मग खाता कशाला?"

"तुह्या डोयात जाण्यापरीस माह्या पोटात जाऊ दे."

अशी चीड यायची! रागावावं तर कुणावर? खाणारी मीच. मग मी लपवायला लागले. डबा कधी ज्वारीच्या कोठीत, कधी शिलाई मशीनच्या खणात. पण अक्कांचे कान असे, की मधल्या भिंतीपलीकडे कुर्र वाजलं तरी हजर. शेवटी मी वेफर तोंडात धरून मऊ पडू द्यायला शिकले आणि मगच गिळायचे. कसली चव नि कसलं काय! पण सोडवत नव्हतं.

दर सोमवारी मी सोडायचे आणि मंगळवारी कुणाची तरी हळद निघायची. अशाच एका पंगतीत माझ्या पानात चार जिलेब्या पडल्या. अक्कांनी सगळ्यांदेखत त्यातल्या दोन उचलल्या. समोरच्या विहीणबाई खोचकपणे म्हणाल्या, "थोरल्या जाऊला भारीच हाव हो!" अक्का हसल्या. मीसुद्धा हसले. खरं काय ते सांगायला माझी जीभ रेटली नाही. ती जिलेबीत गुंतली होती.

अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी अक्का अंगणात चक्कर येऊन पडल्या. दवाखान्यात बीपी मोजल्यावर डॉक्टर त्यांच्यावरच डाफरले, "मीठ आणि तळलेलं बंद करा म्हणून दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं ना तुम्हाला?"

दोन वर्षं! एका भिंतीच्या अंतरावर राहून मला त्याचा पत्ता नव्हता.

त्यानंतर माझ्या ताटात कळण्याची भाकरी आली. हौसेने नाही, स्वतःवर चिडून. आजही चिडूनच खाते. अक्का पुढे सात वर्षं जगल्या, आता त्या नाहीत. मी मात्र चष्मा लावून का होईना, सुईत दोरा स्वतः ओवते. नातीने वेफर्सचा पुडा फोडला की अजून तोंडाला पाणी सुटतं मेलं. मग पुड्याला एक शिवी हासडून मी उठून बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसते.

त्या दिवशी दवाखान्यात मात्र मला फक्त रडता येत होतं. अक्कांच्या खाटेला डोकं टेकवून "माझ्यामुळेच झालं, माझ्यामुळेच झालं" करत होते. मग त्यांनी सलाईन नसलेल्या हाताने माझी हनुवटी वर केली आणि म्हणाल्या,

"रडून साखर उतरती, तं डाक्टरनं गोयांऐवजी कांदे लिहून देले असते. पूस ते डोये. तेच तं वाचवाचे हायेत."