यंदा तळण नाही

मी मेथी निवडत बसले होते, तेव्हा सौंसरहून मोठ्या भाऊजींचा फोन आला. भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. ते स्वतःहून कधी फोन लावत नाहीत. लावून देणार एस्तेरताई, आणि मग ती मागून काय बोलायचं ते सांगत असणार. त्या दिवशी मागून आवाज नव्हता. "सुनंदा, एस्तेर बोलून नाही राहिली," ते म्हणाले. मला वाटलं, दोघांचं काहीतरी बिनसलं असेल. या वयातली भांडणं मिटवायला मी पांढुर्ण्याहून बस धरून जायचं की काय, असं मनात येऊन मी जरा वैतागूनच विचारलं, "आता काय झालं?" पलीकडून पुन्हा तेच, "तिचा चहा थंडा होऊन राहिला. बोलूनच नाही राहिली ते." तेव्हा मला कळलं. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती आणि नाताळ पुढ्यात होता.

एस्तेरताई माझी मोठी जाऊ. ती बोरगावची. तिच्या लहानपणी त्या गावात आमच्या धर्माचं हे एकच घर होतं, वडील दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आलेले. एकट्या घराला सण कसा करायचा ते कोण शिकवणार? मग ती शेजारपाजारचं बघून शिकली. कृष्णजन्माच्या दिवशी शेजारी उंबऱ्यापासून पाळण्यापर्यंत पिठाची इवलीशी पावलं काढत. मूठ वळायची, पिठाच्या पाण्यात बुडवायची, कडेनं ठसा उमटवायचा आणि वर बोटानं टिकल्या द्यायच्या. या पोरीच्या डोक्यात पक्कं बसलं की बाळ जन्मायचं तर पावलं हवीतच. लग्न होऊन सौंसरला आली आणि पहिल्याच नाताळाला तिनं फाटकापासून गव्हाणीपर्यंत येशूबाळाची पावलं काढली. सासूबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. म्हणाल्या, "एका दिवसाचं लेकरू, चालत कसं येईन वो?" तर ही म्हणते, "मंग आई, उचलून कोण आणीन? त्याच्या गावाहून सौंसर केवढं दूर हाय!" चर्चचे पाळकसाहेब फराळाला आले तेव्हा आता हे काय म्हणतात, म्हणून घरातले सगळे दाराशी जमले. त्यांनी खाली पाहिलं, चपला काढल्या आणि पावलं पुसू नयेत म्हणून भिंतीच्या कडेकडेनं आत आले. त्यानंतर विषयच निघाला नाही.

तिची सगळी सजावटच अशी. बाजारात हिरवं प्लास्टिकचं झाड मिळायला लागून किती वर्षं झाली, पण तिला ते घरात नको होतं. संत्र्याची तोड झाली की बागेत सल काढतात, म्हणजे झाडावरच्या वाळक्या फांद्या छाटतात. समोरच्या निर्मलाबाईंच्या बागेतून त्यातली एक चांगली डेरेदार फांदी ही मागून आणायची आणि मातीनं भरलेल्या बादलीत रोवायची. काट्यांनी हात ओरबाडून निघत. वर बर्फ म्हणून कापूस, तोही निर्मलाबाईंच्याच शेतातला, बोंडातून काढलेला, सरकीसकट. मी दवाखान्यात नोकरीला होते. एका वर्षी मी पांढराशुभ्र कापसाचा गुंडाळा नेला. तो हातात घेऊन ताई हसत सुटली. "बाई गं, हे तर डिरेसिंगचं हाय! झाडाले काय लागलं?" आमच्या घरच्या बर्फात काळ्या बिया असायच्या, आणि येणारं प्रत्येक पोर त्या उपटत बसायचं. चांदणीही घरीच व्हायची, बांबूच्या कामट्या, पतंगी कागद आणि खळ. ती दरवर्षी एका अंगाला कलायची. "कलू दे, उजेड तर पडून राहिला ना," म्हणून ती मोकळी.

खरं सांगायचं तर मला या सगळ्याचा कंटाळा यायचा. एकेकाळी नाताळात त्या घरी पाय ठेवायला जागा नसे. आता पोरं पुण्याला, मुंबईला. सॅमू, तिचा मुलगा, दोन-तीन वर्षांतून एकदा यायचा, फांदीजवळ उभं राहून फोटो काढायचा आणि सुटी संपली म्हणून निघून जायचा. कोणासाठी एवढं? मी तिला हे तोंडावर विचारलंय. गुडघे चोळत, करंज्या लाटत, एकदा नव्हे, दरवर्षी विचारलंय. ती म्हणायची, "तू बस जरा. मी करून राहिली ना." बस म्हटल्यावर बसायचं, की आणखी चिडायचं, हेच मला कळायचं नाही. तिला कंटाळा कसा येत नाही, याचा मला रागच यायचा.

आणि तिनं मला कधी सांगितलंही नाही की माझ्यामागं हे तू कर. सांगितलं असतं तर मी सरळ नाही म्हणाले असते आणि मोकळी झाले असते. न सांगता गेलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? दफनविधी झाला, पाहुणे पांगले. सॅमूही परत गेला आणि तिकडून त्याचा फोन आला, "काकू, यंदा काही करू नका. आईच नाही तर..." मला वाईट वाटलं, रडूही आलं, पण त्याच्या खाली कुठेतरी हुश्श झालं होतं. चला, संपलं. आता त्या घरात नाताळ म्हणजे प्रार्थना आणि वरणभात. पुढच्या वर्षी तेवढंही नसलं तरी कोणी विचारणार नाही.

पंचवीसला आम्ही दोघं सकाळच्या बसनं सौंसरला गेलो. भाऊजी ओसरीत स्वेटर घालून बसलेले. चांदणी नाही, फांदी नाही, फाटकापासून आतपर्यंत नुसती झाडलेली फरशी. मी देवळातून, म्हणजे आमच्या चर्चमधून, येऊन कुकर लावला. त्या घरच्या स्वयंपाकघरात नाताळाला तेलाचा वास नाही, हे मला पहिल्यांदाच जाणवलं. घर मोठं वाटत होतं. तेवढ्यात निर्मलाबाई आल्या, पदराखाली स्टीलचा डबा. "तुमच्या घरी यंदा तळण नाही ना," त्या हळूच म्हणाल्या. "अनारसे आणले. वर्ष होईपर्यंत तुम्ही कढई नका ठेवू. आमी हाओत ना."

ज्या घरात माणूस गेलं, त्या घरात वर्षभर सणाचं तळण करायचं नाही, शेजाऱ्यांनी फराळ आणून द्यायचा, ही त्यांच्याकडची रीत. आमच्यात असं काही नसतं. कढई चढली नव्हती ती मी थकले होते म्हणून, आणि सगळ्या गल्लीला वाटलं होतं की आम्ही दुःख पाळतोय. सांगावं असं ओठांवर आलं, पण त्या बाईंचे डोळे भरलेले होते. मी डबा घेतला. मग चिवडा आला, शेव आली, एकीच्या मागे एक. ज्या घरांत तो दिवस एरवी साधा कामाचा, त्या घरांत पहाटेपासून आमच्यासाठी कढया चढल्या होत्या.

शेवटी मागच्या घरची वंदना आली. ही बौद्धांच्या घरची सून, नवरा वीज खात्यात. ताईचा तिच्यावर फार जीव होता. तिनं डबा पुढे केला आणि कसनुशी हसली. "काकू, हा डबा तुमचाच हाय. मागच्या नाताळाचा. भरून आलेला डबा रिकामा कसा देऊ, म्हणून राहून गेला. देतो देतो म्हणता म्हणता..." झाकणावर ठोकून घातलेलं नाव होतं, सौ. एस्तेर. आत करंज्या होत्या, ताईच्याच पद्धतीनं कडेला मुरड घातलेल्या. वंदना तिच्याच हाताखाली शिकली होती.

भाऊजींनी एक करंजी खाल्ली, सावकाश, तोंडात घोळवत. मग झाकण मांडीवर घेऊन अंगठ्यानं ते नाव चाचपत बसले. मी डबा धुतला आणि आत ठेवायला निघाले तेव्हा म्हणाले, "आत कावून ठेवतं? पुढच्या नाताळाले वंदनाकडे न्यावा लागंन ना. बाकीच्यायचे बी."

"भरून कोण नेणार भाऊजी?" मी म्हटलं. आवाज चढलाच माझा. "मी थकले हो आता."

त्यांनी झाकण माझ्या हातात दिलं. रागानं नाही.

"ते बी थकतच होती, सुनंदा," ते म्हणाले. "तुम्ही पांढुर्ण्याची बस धरली का, आत ओट्याले टेकून रडे. दरवर्षी. मले म्हणे, सुनंदाले नका सांगू, नाही तर ते यायची नाही."

ओसरीत, आजीमागं आलेल्या निर्मलाबाईंच्या नातवंडांनी अनारसे फोडले होते. मी पुन्हा आत गेले, डबा कोरडा केला आणि ओट्यावरच ठेवला. मग त्याच ओट्याला टेकून जरा उभी राहिले, ती जिथं उभी राहत असेल तिथं.