नवरदेवाचा केक

लंडनमधल्या इल्फर्डला आमच्या कोपऱ्यावरचा इंग्रज बेकर मोजकंच बोलायचा. केक ओव्हनमधून काढला की मान तिरकी करून तो कान लावायचा. आतली चुरचुर थांबली, की केक झाला.

लग्नाची ऑर्डर घेताना मात्र हमखास विचारायचा, "मुलाला काय आवडतं?" नवरीच्या पांढऱ्या केकशेजारी नवरदेवाचा छोटा, काळा फ्रूटकेक हवाच आणि पाहुण्यांनी त्याचा तुकडा डबीतून घरी न्यायचा, ही त्याची जुनी रीत. माझा पुतण्या आलेपाकावर जीव टाकायचा, म्हणून मी आलं सांगितलं. केक आधीच भाजून, तो मुरावा म्हणून बेकर दर रविवारी त्याला चमचाभर ब्रँडी पाजत होता.

लग्नाला पंधरा दिवस असताना पुतण्या मोटरवेवर अपघातात गेला. ऑर्डर रद्द करायला गेलो, तेव्हा बेकरने एवढंच विचारलं, "लोक कधी जमणार?"

तेराव्याला तो पांढऱ्या डब्या घेऊन दारात आला. "त्याचा आहे. लोकांनी घरी न्यायचा."

पुतण्याच्या आईच्या, म्हणजे माझ्या वहिनींच्या घरात अंडंही येत नसे. मी डब्या बाहेरच ठेवत होतो.

"भाऊजी, काय आहे त्यात?"

"आलं."

"मग त्याच्या पानात वाढा," वहिनी म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

बेकर मान तिरकी करून, आवाज थांबेपर्यंत दारातच उभा राहिला.