जिन्यातली काच

मी शाळेत जायचो ते फक्त मत द्यायला. बोटाला शाई लावून घ्यायची आणि घरी यायचं, एवढंच माझं शिक्षण. तरी पोरीच्या शाळेत पालक समितीचा अध्यक्ष झालो. मिटिंगमध्ये चहावाल्याला खूण करायला हात वर केला आणि टाळ्या वाजल्या. बायको म्हणाली, आता निदान सही तरी शिका.

एरवी मी मांडवाचे बांबू बांधतो. लालबागमध्ये त्या कामाला मरण नाही, आणि माझ्यावर हसायला गिऱ्हाईक कमी नाही.

शाळा जुनी, पालिकेची. जिन्याच्या भिंतीत एक भेग खालून वरच्या स्लॅबपर्यंत गेलेली. इंजिनीअर मॅडम आल्या, तरुण पोरगी, आणि त्यांनी त्या भेगेवर आडवी काचेची पट्टी बसवली. दोन्ही टोकांना प्लास्टर.

"भेग वाढत असेल तर ही तडकेल," त्या म्हणाल्या. "तडकली तर शाळा रिकामी करायची, पाडून नवीन बांधायची. नाही तडकली तर मुलं इथेच ठेवून दुरुस्ती करू."

रिकामी म्हणजे पोरं वडाळ्याच्या शाळेत. नवीन बांधतील यावर आमच्यात कुणाचाच भरवसा नाही. गिरण्या पाडल्या तिथे काय उभं राहिलं, ते आम्ही खिडकीतून रोज बघतो.

आमच्या शेजारची वहिनी हिंदमाताला साड्यांच्या दुकानात घड्या घालते. नवरा नाही. तिची पोरगी माझ्या पोरीच्याच वर्गात, सातवीत. वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, काच तडकली की माझ्या पोरीची शाळा संपली. वडाळ्याला तिला सोडणार कोण? सासूबाई तर वाटच बघतायत, घरकामाला हात मिळेल म्हणून."

तेव्हापासून मी शाळेत गेलो की आधी काच बघायचो. पोरं धडाधडा जिना उतरायची आणि मी काचेवरची नजर काढायचो नाही. बायको म्हणाली, लग्नाच्या वेळी माझ्याकडे पण इतकं निरखून बघितलं नव्हतंत.

एका सकाळी बघितलं तर काच तडकलेली. मधोमध, सरळ.

मॅडम आल्या. शाळेच्या मोठ्या बाई आल्या, पालक जमले. मॅडमनी बराच वेळ काचेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "धक्का लागूनही असं होतं. कुणाचा खांदा, दप्तर लागलं असेल तर सांगा. मी नवीन पट्टी लावते, अजून थोडे दिवस बघू."

मग वहिनी बोलली, "मॅडम, या भाऊजींचाच धक्का लागला असणार. गेल्या गॅदरिंगला यांनी बांधलेली कमान पाहुण्यांच्या डोक्यावर आली होती."

सगळे हसले. मॅडम पण हसल्या. मोठ्या बाई मात्र खाली बघत होत्या. वहिनी हसत नव्हती, माझ्याकडे टक लावून बघत होती.

नुसती मान हलवायची होती. जन्मभर तेच केलंय. न केलेल्या गाढवपणाचे पण पैसे न घेता खेळ केलेत. कुणाचं ताट सांडलं, मी. कुणाचा बांबू निसटला, मी. लोक हसतात, विषय संपतो.

तेवढ्यात वर मधली सुट्टी झाली. पायांचा आवाज डोक्यावरून जिन्याकडे यायला लागला.

"नाही मॅडम," मी म्हटलं. "मी नाही."

अजून जोरात हसले.

"आईशप्पथ मी नाही. मी हात लावला नाही. काच आपोआप तडकलीय. पोरांना आधी दुसऱ्या जिन्याने उतरवा."

मग कुणी हसलं नाही. मोठ्या बाई साडीचा पदर खोचून वर पळाल्या. माझा एक दोस्त कानाशी म्हणाला, "आजच शहाणा व्हायचं होतं काय रे तुला?"

त्याच दिवशी शाळा रिकामी झाली. आता तिला निळे पत्रे लागलेत. नवीन कधी बांधणार, मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, काम वर पाठवलंय. वर म्हणजे कुठे, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पालक म्हणाले, तूच रिकामी केलीस, तूच ने पोरींना वडाळ्याला. नेतो. बसमध्ये कंडक्टर मला सर म्हणतो, पोरी खो खो हसतात.

वहिनी बोलत नाही. तिची पोरगी अजून एकदाही आलेली नाही. मी रोज सकाळी तिच्या दाराशी उभा राहतो, म्हणतो, "वहिनी, मी नेतो आणि मीच आणतो." आतून तिची म्हातारी सासू खोकते. काल वहिनीने कडी काढली, माझ्या पायांकडे बघितलं, परत लावली. पण दार बंद होताना आतून पोरीने शाळेची रिबिन मागितलेलं मी ऐकलं.

आज पण उभा आहे. खाली बाकीच्या पोरी ओरडतायत, काका, बस जाईल. जाऊ दे म्हटलं, दुसरी येईल.